माणूस आधी, विशेषण नंतर

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातलं सह्याद्रीत उंचावर वसलेलं गाव. समजा, तिथली चालता न येणारी एक मुलगी बारावीला उत्तम गुणांनी पास झाली. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना ही बातमी लिहायला सांगा. मथळा बहुधा ठरलेला : ‘अपंगत्वावर मात’!

आता बघा, मात कशावर केली? पाय होते तसेच आहेत. तिने मात केली ती घाटरस्त्यावर, एस.टी.च्या पायऱ्यांवर, शाळेच्या उंबरठ्यावर. बातमी तिच्या शरीरात नाही, रस्त्यात आहे. ‘जिद्दीला सलाम’ ठोकला की रस्त्याबद्दल विचारायचं राहूनच जातं.

आपल्या न्यायशास्त्रात धर्म आणि धर्मी असा भेद आहे. गुण तो धर्म, आणि तो ज्याच्या ठायी असतो तो धर्मी. ‘एक आंधळा’ असं लिहिलं की धर्म धर्मीला गिळून टाकतो. मुरलीकांत पेटकरांचंच घ्या. १९६५च्या युद्धात ते जबर जखमी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांना आधी काय म्हणाल? जलतरणपटू! ‘असूनही’ हा शब्द लागतोच कशाला?

‘व्हीलचेअरला जखडलेला’ असंही आपण लिहितो. अहो, ती खुर्चीच तर त्याला घराबाहेर नेते! ‘बहिरं सरकार’, ‘लंगडी सबब’ लिहितानाही जरा थांबावं. ‘दिव्यांग’ शब्द सरकारने स्वीकारला. पण अनेकांना तो नको वाटतो, दैवी काही नको, हक्क हवेत असं ते म्हणतात. मग शब्द कोणता वापरायचा? सोपं आहे, त्या व्यक्तीलाच विचारा.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. त्यातले काही डोळ्यांना दिसतही नाहीत. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही चित्रपटादी दृश्यमाध्यमांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. लिहिणाऱ्यांनीही ती वाचावीत.

माझी एक विद्यार्थिनी व्हीलचेअर वापरते. तिच्या मुलाखतीत तासभर अपघाताचीच चौकशी झाली. ती मला म्हणाली, “सर, माझ्या प्रबंधाचा विषय कुणी विचारलाच नाही हो.”

तेव्हा कुडपणला गेलात, तर ‘काय झालं होतं?’ हा पहिला प्रश्न नको. पुढे काय शिकायचंय, आणि तिथवर जाणार कशी, हे विचारा. मथळा त्यातूनच मिळेल.