इंद्रायणी–बोरघाट मार्ग

इंद्रायणी–बोरघाट मार्ग : पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यापासून इंद्रायणी नदीच्या खोऱ्यातून लोणावळा-खंडाळ्यास जाणारा व तेथून बोरघाटाने रायगड जिल्ह्यातील खोपोलीस उतरणारा निसर्गरम्य मोटाररस्ता. निगडी ते खोपोली हे अंतर सु. ५५ किमी. असून जाऊन-येऊन एका दिवसाची सहल सहज होते. चाकणकडून येणारा रस्ता इंदुरीजवळ इंद्रायणी ओलांडून तळेगाव दाभाडे येथे या मार्गास येतो.

डोंगरी नदीच्या काठाने उगमाकडे जाऊ लागले, की दरी सामान्यतः अरुंद व चढ तीव्र होत जातो. येथे मात्र तसे घडत नाही. वडगाव, कामशेत, मळवली या टप्प्यात इंद्रायणीचे खोरे रुंद व सपाट असून दोन्ही बाजूंस भातखाचरे आहेत. दक्षिणेस लोहगड व विसापूर हे किल्ले आणि भाजे येथील लेणी, तर उत्तरेच्या डोंगरात कार्ले येथील चैत्यगृह दिसते. पुण्याची उंची सु. ५६० मी., तर लोणावळ्याची सु. ६२५ मी. आहे; म्हणजे सु. ६० किमी.च्या प्रवासात चढ केवळ ६५ मी.च्या आसपास भरतो. घाट चढल्याची जाणीव न होताच प्रवासी सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो. त्यापुढील सु. १५ किमी.मध्ये हाच रस्ता साडेपाचशे मी.हून अधिक खाली उतरतो.

या विषमतेचे कारण सह्याद्रीच्या कड्यात आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्याची पश्चिम कडा पावसाने व ओढ्यांनी झिजून पूर्वेकडे मागे सरकत आली आहे. समुद्राकडे वाहणाऱ्या नद्यांना थोड्या अंतरात मोठा उतार मिळत असल्याने त्या उगमाकडील खडक वेगाने पोखरतात. पूर्ववाहिनी नद्यांना शेकडो किमी.चा मंद उतार असल्याने त्यांची गती संथ असते. इंद्रायणी कड्यालगतच्या कुरवंडे गावाजवळ उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून देहू, आळंदीमार्गे तुळापूर येथे भीमेस मिळते. तिच्या खोऱ्याचा रुंद माथा कड्यापाशी एकदम तुटलेला दिसतो. कड्याच्या पलीकडे उल्हास नदीची खोल घळई आहे. राजमाची पॉइंटवरून श्रीवर्धन व मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले आणि पावसाळ्यात काळ्या कातळावरून कोसळणारे धबधबे दिसतात. लाव्ह्याचे कठीण व मृदू थर एकाआड एक असल्यामुळे या कड्यांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे.

खंडाळ्याच्या पुढे लोहमार्ग व मोटाररस्ता यांच्या दिशा भिन्न होतात. लोहमार्ग उल्हास खोऱ्याच्या बाजूने कर्जतकडे, तर रस्ता पाताळगंगेच्या खोऱ्यात खोपोलीकडे उतरतो. म्हणून उल्हासची दरी रस्त्यापेक्षा आगगाडीतून अधिक वेळ दिसते. चाकाच्या वाहनांसाठी बांधलेला घाटरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत १८३० मध्ये खुला झाला. त्या काळचा, पुढे ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला जाणारा दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. त्याचा कमाल चढ ३७ स १ असून आरंभी त्यावर २५ बोगदे होते. पटकी व अपघात यांना असंख्य मजूर बळी पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मृत्यू पावल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट चालू ठेवले. साहेबास घाटाची वाट दाखविणारा शिंग्रोबा धनगर मात्र दंतकथेतच राहिला. जुन्या रस्त्यालगत त्याचे मंदिर असून वाहनचालक तेथे नाणे टाकून पुढे जातात.

निसर्गतः पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेकडे वळविण्याचे काम मनुष्यानेही केले आहे. लोणावळा, वळवण व शिरोटा या जलाशयांतील पाणी नळांद्वारे कड्यावरून खाली सोडून टाटा कंपनीने १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली. वापरलेले पाणी पाताळगंगेस मिळते. ठोकरवाडी धरणाने अडविलेल्या आंध्रा या इंद्रायणीच्या उपनदीचे पाणी १९२२ पासून भिवपुरी येथे याच रीतीने उल्हास खोऱ्यात उतरविले जाते. मुंबईच्या उद्योगांना या विजेने बळ दिले. तथापि कड्यावर पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग खालच्या इंद्रायणीच्या वाट्यास येत नाही. तिच्या काठी पुढे वाढलेल्या कारखान्यांचा व नागरी वस्तीचा विचार करताना ही गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते.

सहलीसाठी जुना रस्ताच सोयीचा आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असून दृश्य पाहण्यासाठी वाहन थांबविता येत नाही. घाटाच्या काही भागात मात्र दोन्ही रस्ते एकत्र येतात. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये देखावा सर्वांत सुंदर असतो. जून-जुलैत धुक्यामुळे पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि धोकाही याच दिवसांत अधिक असतो. माथ्यावरील पाणलोट लहान व खडकाळ असल्यामुळे मुसळधार पाऊस मुरत नाही, ओढ्यांची पातळी काही मिनिटांत चढते. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. इंदुरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीने पात्रातील कातळात कुंडे व अरुंद घळ कोरली आहे. तेथील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांची गर्दी असताना कोसळून चार जण मृत्युमुखी पडले. कुंडांची खोली वरून कळत नाही आणि त्यांतील भोवरे पृष्ठभागावर दिसत नाहीत. पावसाळ्यात ती काठावरूनच पाहावी लागतात.