वाल आईनं खाल्ले, वारा बाळाला कसा?

थंडी पडली की वसईच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागतात. शेजारी वांगी, फ्लॉवर, कोबी, मुळा. निर्मळ, नंदाखाल, भुईगावच्या वाड्यांतली केळी तर बारा महिने. पण याच दिवसांत ज्या घरात पाळणा हलला असेल, तिथल्या बाळंतिणीच्या ताटात यातलं बहुधा काहीच दिसत नाही. वाल वातूळ, वांगं वातूळ, कोबीनं गॅस होतो, हरभऱ्याचं तर नावच काढायचं नाही, केळं थंड. उरतं काय? मऊ भात, तूप, मुगाचं वरण, दुधी, शेपू आणि डिंकाचा लाडू. कारण सगळ्यांना पाठ असतं : आई खाते ते अंगावरच्या दुधात उतरतं आणि बाळाच्या पोटात वारा धरतो.

ही समजूत आजची नाही. वातानं दूषित झालेल्या दुधाची कल्पना आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. गंमत एवढीच, की वर्ज्य पदार्थांची यादी घरागणिक बदलते. कोळीवाड्यात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण मुद्दाम करतात. दुसऱ्या घरात मासळीचा वासही सव्वा महिना चालत नाही. विरारच्या एकाच इमारतीत एका मजल्यावर दूध वाढावं म्हणून लसूण, तर वरच्या मजल्यावर तोच उष्ण म्हणून बंद. मेक्सिकोत तर राजम्याच्या जातीचं कडधान्य रोजच्याच जेवणातलं. सगळ्या याद्या एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नाही, आणि संध्याकाळी रडणारी बाळं मात्र सगळीकडे आहेत.

आधी वालाचंच बघू. वाल खाऊन गॅस होतो, हे खोटं नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात आणि त्या पचवणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. कोबी-फ्लॉवरच्या चोथ्याचंही तेच. पण हा सगळा कारभार आईच्या मोठ्या आतड्यात चालतो. दूध पोटातून येत नाही, ते रक्तातून तयार होतं. जी साखर, जो चोथा रक्तात शोषलाच गेला नाही, त्याला दुधात जायला वाट नाही. वायूचा थोडा अंश रक्तात जातो, तो आईच्या श्वासावाटे बाहेर पडतो. वालानं फुगलं तर आईचं पोट फुगेल. तिला त्रास होत असेल तर तिनं बेतानं खावं, पण ते तिच्या स्वतःसाठी.

मग बाळाच्या पोटात वारा येतो कुठून? बराचसा तोंडावाटे. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र असेल आणि भोवतीचा काळसर भाग बाहेरच राहिला असेल, तर पिताना टकटक असा आवाज येतो, गालांना खळी पडते, आणि दुधाबरोबर हवाही आत जाते. पान्हा जोरात असेल तर बाळ घटाघटा गिळतं, तेव्हाही तेच. आणि रडतानाही पुष्कळ हवा आत जाते. गॅस झाला म्हणून बाळ रडतं असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते रडतं म्हणून गॅस होतो. शिवाय बाळाचं आतडं नवं असतं. पोटावर जोर देताना खालचा स्नायू सैल सोडायचा असतो, हे त्याला अजून जमलेलं नसतं. म्हणून ते लालबुंद होऊन कुंथतं आणि शी मात्र मऊ होते. यात आजार काही नाही.

दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची पद्धत चांगलीच आहे, बाळाला उबेला घेतलं जातं. पण तिच्यावरही फार भार नको. चंडीगढमध्ये काही आयांना ढेकर काढायला शिकवून आणि काहींना न शिकवता तुलना केली गेली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ढेकर काढल्यानं बाळाचं कळवळून रडणं कमी झालं नाही, उलट दूध बाहेर टाकणं वाढलं. तेव्हा ढेकर आला नाही म्हणून मध्यरात्री अर्धा अर्धा तास पाठ थोपटत बसायचं कारण नाही.

इतक्या पिढ्यांना मग आईच्या खाण्याचा आणि बाळाच्या रडण्याचा संबंध दिसला कसा? याचं उत्तर मला कॅलेंडरात सापडतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली ८० आयांनी ठेवलेल्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं, संध्याकाळी सर्वांत जास्त असतं, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. आता आपल्याकडचा हिशेब लावा. सव्वा महिना झाला की बाळंतिणीचं पथ्य सैल होतं. तिच्या ताटात पहिल्यांदा वांगं येतं, वाल येतात, आणि नेमकं त्याच सुमाराला बाळ संध्याकाळी आकांत मांडतं. "दुपारी वाल खाल्लेस ना? बघ आता!" सासूबाईंनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं, जोडणी तेवढी चुकली. पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रडणं आपोआप ओसरतं, तेव्हा श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायाला मिळतं.

आईचं काहीच दुधात उतरत नाही, असं मात्र नाही. चवी आणि वास उतरतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ मध्ये आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. दोनेक तासांत दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळांनी तोंड फिरवायचं सोडून छातीला जास्त वेळ धरलं. कॅफीनही उतरतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, नवजात बाळाला तीन-चार दिवस. दिवसाकाठी दोन-तीन कप घरचा चहा चालतो. पण चहावर चहा होत असेल आणि बाळ झोपतच नसेल, तर आधी कपाकडे पाहावं.

आणि उतरतात प्रथिनं, फार थोडी, पण एखाद्या बाळाला तेवढीही बाधतात. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात सहा आठवड्यांच्या आतल्या, खूप रडणाऱ्या बाळांच्या आयांना गाईचं दूध, अंडी, शेंगदाणे, सुका मेवा, गहू, सोयाबीन आणि मासे बंद करून पाहिलं. ७४ टक्के बाळांचं रडणं किमान पाव हिश्शानं कमी झालं. नेहमीचं खाणाऱ्या आयांच्या गटात ३७ टक्क्यांचं. ती यादी पुन्हा वाचा. दूध, बदाम, गहू, मासळी, म्हणजे आपण बाळंतिणीला आग्रहानं जे चारतो तेच. वाल आणि वांगं त्यात नाहीतच. कोबी-फ्लॉवरकडे बोट दाखवणारा १९९६ सालचा एक अमेरिकी अभ्यास आहे. पण तो आयांनी भरलेल्या प्रश्नावलीवर उभा, आणि ज्या आईचं बाळ रडतं ती आपलं ताट जास्त बारकाईनं आठवते. २०१८ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं आहाराच्या उपायांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कुठल्याच आहाराबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

पथ्याची किंमत मात्र ठामपणे सांगता येते. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. अशा बाईच्या ताटातून कडधान्यं, भाज्या, फळं काढून घ्यायची आणि वर "दूध का येत नाही" म्हणून तिलाच विचारायचं! वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. डाळ, भाकरी, भाजी, अंडं नाहीतर केळं. जव्हारच्या बाईनं जे खावं म्हणून सरकार खर्च करतं, ते वसईत परसात पिकतं आणि बाळंतिणीला नको म्हणतात. पथ्यातली विश्रांती, गरम जेवण, कुणीतरी पुढ्यात वाढणं हे मात्र सोन्यासारखं आहे. ते एकटीनं बाळ सांभाळणाऱ्या फ्लॅटमधल्या आईला मिळेल तर हवंच.

औषधांचं थोडक्यात. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्डनं केलं. त्यात शेपूचं तेल आणि सोडा होता, आणि पुढे कित्येक वर्षं मद्यार्कही. आपल्याकडे तोच शेपू आईच्या तोंडात असतो, बाळंतशेपा म्हणून. त्या आईनं खुशाल चघळाव्यात. पण बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको : ग्राइप वॉटर नको, सहाणेवर उगाळलेली गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. बेंबीभोवती हिंग लावल्यानं बिघडत नाही, कातडी लाल होत नसेल तर.

बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, दिवसाला सहा-सात वेळा शू करत असेल, तर संध्याकाळचं रडणं निभावून न्यायचं असतं. हिरवी उलटी, शीतून रक्त, ताप, पिणं सोडणं, पोट ताठ होणं यांतलं काही दिसलं तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. अंगावर चट्टे, शीत रक्ताच्या रेषा, वजन अडलेलं असेल तर डॉक्टर गाईच्या दुधाच्या प्रथिनाची शंका घेतात. मग आईला दोन ते चार आठवडे दूध बंद करायला सांगतात. म्हशीचंही, कारण प्रथिनं जवळपास सारखीच. दही, पनीर, पेढे, दुधाची बिस्किटंही त्यात आली, आणि कॅल्शियमची सोय वेगळी करावी लागते. त्यानंतर दूध पुन्हा सुरू करून पाहायचं, हा भाग बहुतेक घरांत राहूनच जातो. त्रास परत उलटला तरच दूध दोषी. नाहीतर आईच्या चहात दूध परत घालावं.