पुतळ्याभोवती एक फेरी

सोलापुरात ‘चार पुतळे’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. बरोबर तिथे नेऊन सोडतो. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला येणारी आपली गावाकडची मंडळी त्या वाटेने कितीतरी वेळा जातात. पण ते चार जण कोण, असे विचारा. पुष्कळांना नावे सांगता येत नाहीत. पूर्वी त्याला कारण होते. अक्षर ओळखत नव्हतो, तर पाटी कशी वाचणार? आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पुढच्या खेपेला तिथे थोडे थांबा.

मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा अशी त्यांची नावे. चार घरची चार माणसे, हे नावांवरूनच कळते. १९३० च्या मे महिन्यात इंग्रज सरकारने गांधीजींना पकडले. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. लोक खवळून रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना धरले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिले. सोलापूर त्यांना अजून विसरलेले नाही.

आता आपण तिथे काय करतो ते बघा. हल्ली खिशात मोबाइल असतोच. पुतळ्याकडे पाठ करायची, हात लांब करायचा, स्वतःचा फोटो काढायचा आणि चालू पडायचे. फोटोत आपले तोंड मोठे आणि हुतात्मा मागे कुठेतरी कोपऱ्यात! आपला फोटो काढू नये असे आम्ही म्हणत नाही. पण तो शेवटी काढावा. आधी पुतळा बघावा.

पुतळा बघणे हेही एक वाचणेच आहे. भिंतीवरच्या तसबिरीला एकच बाजू असते. समोर उभे राहिले की काम झाले. पुतळ्याचे तसे नाही. घडवणाऱ्याने समोरची बाजू घडवली, तशी पाठही घडवलेली असते. पागोट्याचा पीळ, धोतराच्या निऱ्या, मागे घेतलेला हात हे समोरून दिसत नाही. म्हणून देवळात प्रदक्षिणा घालतो तशी एक फेरी पुतळ्याभोवती घालावी. घाई नको. चार ठिकाणी उभे राहावे आणि चार फोटो घ्यावेत. घरी गेल्यावर ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकच माणूस समोरून करारी दिसतो आणि बाजूने दमलेला दिसतो. घोड्यावरचा पुतळा असेल तर हे फारच ध्यानात येते. अगदी समोर उभे राहिलात तर घोड्याची मान आडवी येते आणि स्वार अर्धा झाकतो. बाजूला या, म्हणजे घोड्याची चाल आणि स्वाराची बैठक दोन्ही दिसतात. पुण्याला शिवाजीनगरात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. शिल्पकार करमरकर यांनी तो ब्राँझ धातूत घडवला आणि १९२८ साली तो उभा राहिला. पुण्याला कामानिमित्त जाणे झाले तर तो सर्व बाजूंनी बघा. करमरकरांचे गाव अलिबागजवळ सासवणे. तिथे त्यांच्या घरी त्यांची शिल्पे आजही पाहायला मिळतात.

चौथरा उंच असतो, ही एक अडचण. अगदी पायाशी उभे राहून फोटो काढला तर पाय मोठे आणि डोके सुपारीएवढे येते. मागे सरका. चौथऱ्यासकट पुतळा जेवढा उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब जा. मात्र मागे सरकताना रस्त्यावर नजर असू द्या. सोलापूरच्या चौकात मोटारी कुणासाठी थांबत नाहीत! सूर्य पुतळ्याच्या मागे असला तर तोंड काळे येते. तेव्हा मोबाइलच्या काचेवर पुतळ्याच्या तोंडावर बोट टेकवावे. चेहरा उजळतो.

धातूच्या पुतळ्यापेक्षा दगडातले कोरीव काम बघायला आणखी सवड लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल म्हणून गाव आहे. तिथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम होतो. संगमावर जुनी देवळे आहेत. तिथे १९९९ साली मातीखालून एक मोठे शिवलिंग निघाले. त्याच्या अंगावर सगळीकडून लहान लहान मुखे कोरली आहेत. ती ३५९ आहेत, आणि लिंग स्वतः धरून लोक ३६० मोजतात. समोरून एक फोटो घेतला तर त्यांतली किती येणार? निम्मीसुद्धा नाही. भोवती फिरावे लागते, वाकावे लागते. गुडघे दुखत असतील तर नातवाला वाकायला सांगावे.

त्याच ठिकाणी देवळातल्या दगडी तुळईवर मराठी अक्षरे आहेत. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा तो लेख. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी तो एक आहे. शेकडो वर्षे लोक त्या तुळईखालून दर्शनाला गेले. मान वर कोण करतो? सोलापूरचे आनंद कुंभार गावोगाव हिंडून असे शिलालेख शोधीत आणि वाचीत. त्यांनी हा लेख उजेडात आणला.

तुम्ही म्हणाल, आमच्या खेड्यात कुठले पुतळे? आमच्या साक्षरता वर्गात हा विषय निघाला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या मारुतीमागं तसला दगड हाय. त्याच्यावर आम्ही लुगडी वाळत घालतो.” तो दगड म्हणजे वीरगळ. गावासाठी, गावाच्या गाईगुरांसाठी लढताना कुणी मेला की त्याच्या नावाने असा दगड उभा करीत. आपले पुस्तक वरून खाली वाचायचे, वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो. कधी शेजारी गाई असतात. त्याच्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो. आणि अगदी माथ्यावर चंद्र नि सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरला असेल तर तो सतीचा दगड समजावा. मुंबईला बोरिवलीजवळ एकसर येथे तर वीरगळांवर गलबतांची लढाई कोरली आहे. समुद्राकाठचा वीर समुद्रावर लढला, आपल्याकडचा गुरांच्या मागे धावला.

हे दगड ऊन-पावसाने झिजले आहेत. भर दुपारी गेलात तर सपाट धोंडा दिसेल. सकाळी किंवा दिवस कलताना जा. ऊन तिरपे पडले की खोलगट भागात सावली धरते आणि पुसट झालेला घोडासुद्धा उठून दिसतो. दगड अंधारात असेल तर कुणाला तरी बॅटरी घेऊन बाजूला उभे करा आणि उजेड कडेने पडू द्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. डावीकडून जे दिसले नाही ते उजवीकडून दिसते. पण अक्षरे ठळक व्हावीत म्हणून खडू घासू नका, तेल ओतू नका, तारेच्या ब्रशने खरवडू नका. आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. हौसेने रंग लावतात आणि आठशे वर्षे टिकलेली रेघ एका दुपारी बुजते. कुठे हेच दगड पायरीला बसवतात, कुठे रस्त्याच्या भरावात जातात. मग त्या माणसाची गावात दुसरी काही खूण उरत नाही.

म्हणून आपल्या गावातल्या दगडाचे फोटो या महिन्यातच काढा. एक लांबून काढा. त्यात मारुतीचे देऊळ किंवा पिंपळ दिसू द्या, म्हणजे जागा कळेल. मग समोरून, दोन्ही कडांनी आणि मागून. मागची बाजू बहुधा कोरी असते, पण कधी कधी तिथेच अक्षरे सापडतात. शेवटी प्रत्येक चौकटीचा जवळून एकेक. उंची कळावी म्हणून शेजारी काठी उभी धरा आणि ती काठी किती हात आहे ते मोजा. हे सारे वहीत लिहा: गाव, तालुका, दगड कुठे आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, फोटोची तारीख, आणि गावातली म्हातारी माणसे त्या दगडाला काय म्हणतात ते. वही वर्गावर घेऊन या. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल.