मालवणची वेस कुठे?

शहर सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे पहिली सूचना ठरलेली असते : वेशीवर एक झकास कमान! वर 'येवा, कोकण आपलाच असा', शेजारी कारंजं आणि खाली वाढदिवसाचे फ्लेक्स. पण जरा साधं गणित करून बघा. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला शंभर मीटरवरून दिसलेली कमान नऊ सेकंदांत मागे पडते. पाहुण्याचं खरं स्वागत त्यापुढचा रस्ता करतो.

गॉर्डन कलन या इंग्रज आर्किटेक्टने १९६१ साली 'टाउनस्केप' या पुस्तकात ही गोष्ट नीट मांडली. माणूस पुढे सरकतो तसं शहर एकामागून एक चित्रांसारखं उलगडतं. प्रत्येक वळणावर थोडं दिसावं, थोडं लपावं, त्यातच मजा!

मालवणला हे आयतंच मिळालंय. कुंभारमाठचा उघडा सडा संपतो, देऊळवाड्याकडे झाडांची सावली सुरू होते, मग भरड, मग बाजारपेठेचा अरुंद रस्ता, आणि शेवटी बंदरावर एकदम सगळं मोकळं. समोर समुद्रात सिंधुदुर्ग! शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या या किल्ल्याचा मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा बसवलाय की जवळ जाईपर्यंत सापडतच नाही. शत्रूला चकवायचं, हे काम आधी ठरलं. दरवाजाचा आकार त्यातून आला. डिझाइनचा यापेक्षा चांगला धडा आपल्या सिलॅबसमध्ये शोधून सापडणार नाही.

मग रस्ता देखणा कशाने होतो? पहिलं, प्रमाण. रस्त्याची रुंदी कडेच्या घरांच्या उंचीच्या साधारण एक ते दोन पट असली की तो आपलासा वाटतो. पाच मीटर उंचीच्या कौलारू घरांमध्ये वीस मीटरचा रस्ता काढला की त्याचं मैदान होतं. रुंदीकरण टाळता येत नसेल तर निदान दुतर्फा झाडं हवीत. ती भिंतीचं काम करतात.

दुसरं, पाणी. इथे वर्षाला धो धो पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. चुना-सिमेंट न लावता रचलेल्या जांभ्या दगडाच्या गडग्याच्या फटींतून पाणी वाट काढतं. त्याजागी सिमेंटची कंपाउंड वॉल आली की तेच पाणी अडतं आणि रस्त्यावर येतं. म्हणजे गडगा नुसता दिसायला छान नाही, तो ड्रेनेजचा भाग आहे!

तिसरं, पायी चालणारा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी. मध्येच विजेचा खांब आला की आजी उतरते रस्त्यावर, आणि मागून येते एस.टी.

चौथं म्हणजे खारा वारा. त्यातले क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळीवरचा संरक्षक थर मोडतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. मुंबई-पुण्याच्या कॅटलॉगमधले लोखंडी दिवे आणि रेलिंग इथे फार दिवस टिकत नाहीत.

मालवणला समुद्राकडूनही एक दार आहे, आणि तिथे आपण मोठी किंमत मोजलीय. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्याच पावसाळ्यात कोसळला. मे २०२५ मध्ये तिथे ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. पण समोर लाटा झेलत साडेतीनशे वर्षं उभा असलेला तट बघताना अख्ख्या महाराष्ट्राला जी लाज वाटली, ती आपल्या धंद्याची लाज होती.

मित्रांनो, दोन-चार वर्षांत आपल्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर एखाद्या गावाच्या सुशोभीकरणाचं ड्रॉइंग येईल. कमानीवर सही करण्याआधी त्या गावात एकदा भर पावसात, छत्री घेऊन, पायी चालून या!