तिसाव्या दिवसाआधी

जुना जालन्यातल्या नवजात शिशू कक्षात डोळे तपासायचे असले की आधी दुधाची वेळ बदलते. तपासणीआधी तासभर बाळाचं पोट रिकामं हवं. मग बाहुली मोठी करणारे थेंब, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने. गालावर ओघळलेला थेंब सिस्टर लगेच टिपतात. दीड किलोच्या जिवाच्या अंगात तेवढं औषध भिनलं तरी रक्तदाब वाढू शकतो.

बाळाला घट्ट गुंडाळतात, तारेच्या नाजूक चिमट्याने पापण्या उघड्या धरतात. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. बाळ कळवळून रडतं. बघवत नाही, पण नजर मी हटवली नाही.

डॉक्टर शोधत असतात ती रक्तवाहिन्यांची वेस. गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास, डोळ्याची नस जिथे आत शिरते तिथून या वाहिन्या पडद्यावर पसरू लागतात. कानशिलाकडची कड गाठायला त्यांना पुरे दिवस लागतात. बाळ आधीच जन्मलं, त्यात प्राणवायू जास्त झाला, की वाढ थबकते. पुढे उपाशी पडदा रक्त मागू लागतो आणि वेड्यावाकड्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांचे व्रण पडदा ओढून सोडवतात. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञ टेरी यांनी 1942 मध्ये हा आजार नोंदवला, प्राणवायूशी त्याचं नातं पन्नासच्या दशकात उलगडलं.

34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत हवी. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. खरी अडचण इथेच आहे. वजन वाढलं की बाळ त्याआधीच घरी जातं, आणि घर म्हणजे घनसावंगी, मंठा, नाहीतर ऊसतोडीची कोपी. डोळा वरून तर स्वच्छ दिसतो.

"ताई, बाळ बघतंय म्हणून थांबू नका, तारखेला आणाच," सिस्टर फोनवर पुन्हा पुन्हा सांगतात. फोनच्या पलीकडची बाळंतीण कारखान्याच्या रस्त्यावर असते.

माझ्या मते हा फोन लेसरइतकाच मोलाचा आहे. आजार उपचाराच्या टप्प्यावर पोचला, तर लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं. पडदा पूर्ण सुटल्यावर शस्त्रक्रियेने फारसं हाती लागत नाही. वाहिन्या कडेला पोचल्या तरी पुढे चष्म्यासाठी यावंच लागतं, कारण अशा मुलांना लघुदृष्टी अधिक आढळते. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर डोळ्यांची तारीख मोठ्या अक्षरात लिहावी, आणि ती आजीलाही वाचून दाखवावी.