सव्वीस अस्थींचे पाऊल

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर अनवाणी चढून गेलेला भाविक भगवान बाहुबलींच्या सत्तावन्न फूट उंच मूर्तीपुढे उभा राहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ते चरण. मुखमंडल पाहण्यासाठी मान वर करावी लागते. मूर्ती कायोत्सर्गात उभी आहे. उभ्या कायोत्सर्गाच्या विधीत दोन्ही पावलांमध्ये चार अंगुळांचे अंतर सांगितलेले आहे. देहावरील ममत्व सोडण्याच्या साधनेतही पाऊल कोठे ठेवावे हे आचार्यांनी मोजून सांगितले, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही ते रास्तच आहे. निश्चल उभ्या माणसाच्या देहाचा भार घोट्याच्या सांध्यावर नेमका पडत नाही, तो किंचित पुढे पडतो. देह सतत पुढे कलू पाहतो आणि पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला धरून त्याला सतत मागे ओढत असतो. बाहेरून निश्चल दिसणाऱ्या पावलात क्षणोक्षणी काम चाललेले असते.

हे काम ज्यांच्या आधारे चालते त्या अस्थी एका पावलात २६ आहेत. दोन्ही पावलांच्या मिळून ५२. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ अस्थी असतात, म्हणजे देहातील सुमारे एक चतुर्थांश हाडे घोट्याखालच्या या वीतभर जागेत आहेत. भार वाहणे एवढेच काम असते तर एक भक्कम ठोकळा पुरला असता. परंतु पावलाला परस्परविरुद्ध अशी दोन कामे करावी लागतात. जमिनीवर टेकताना त्याला सैल व्हावे लागते, म्हणजे खडा, उतार, खाचखळगा यांच्याशी जुळवून घेता येते. पुढच्याच क्षणी जमीन मागे रेटताना त्याला ताठ व्हावे लागते, नाहीतर पोटरीचे बळ वाया जाते. एकाच अवयवाने अर्ध्या सेकंदाच्या आत मऊ आणि कठीण होणे, हे पावलाच्या रचनेचे खरे मर्म आहे.

टाचेचे हाड या २६ अस्थींत सर्वांत मोठे. त्याच्या मागच्या टोकाला पोटरीची जाड कंडरा येऊन चिकटते, आणि खालच्या बाजूस चरबीची गादी असते. ही चरबी पोटावरच्या चरबीसारखी सरकती नसते. तंतूंच्या लहान लहान कप्प्यांत ती मधाच्या पोळ्याप्रमाणे बंदिस्त असते, म्हणून प्रत्येक पावलागणिक दाबली जाऊनही बाजूला पळत नाही. वय वाढते तशी ती पातळ होत जाते. आयुष्यभर फरशीवर उभे राहून गिऱ्हाईक पाहिलेल्या दुकानदारांना उतारवयात टाचेखाली हाड टोचल्यासारखे का वाटते, त्याचे एक कारण येथे आहे.

टाचेच्या हाडावर घोट्याचे हाड बसते. वैद्यकात त्याला टॅलस म्हणतात. हे हाड मोठे विलक्षण आहे. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. वरून नडगीचे हाड, बाजूने तिचे जोडहाड, खालून टाच आणि पुढून नावेच्या आकाराचे एक हाड, अशा चौघांच्या मध्ये ते अडकलेले असते आणि त्यांच्या हालचालीप्रमाणे हलते. पेढीवरच्या विश्वासू मुनिमासारखे म्हणावे, स्वतःचा पक्ष नाही पण प्रत्येक व्यवहार त्याच्या हातून जातो. त्याचा बहुतेक पृष्ठभाग सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्या आत शिरण्यास जागा थोडी उरते. म्हणूनच त्याचा मानेकडचा भाग मोडला तर ते भरून येण्यास वेळ घेते, आणि कधी रक्तपुरवठा तुटून त्याचा काही भाग निर्जीवही होतो.

या हाडाचा वरचा घुमट पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. यात्रेकरूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पायरी चढताना पाऊल नडगीकडे वर वळते, रुंद भाग वरच्या दोन हाडांच्या खोबणीत पाचरीसारखा घट्ट बसतो आणि घोटा स्थिर राहतो. उतरताना चवडा खाली जातो, अरुंद भाग खोबणीत येतो, आणि सांधा काहीसा सैल पडतो. त्यातच बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा अधिक खालपर्यंत उतरलेला असल्याने पाऊल बाहेरच्या मानाने आत सहज वळते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना श्वास लागतो, पण पाय मुरगळण्याचे भय उतरताना अधिक असते. दर्शन झाले, आता काय, खाली तर जायचे, या सैलपणात उड्या मारत उतरणारी मुले आणि घाई करणारे यात्रेकरू घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणून घेतात. सम्मेदशिखरजीची सुमारे २७ किलोमीटरची परिक्रमा करणाऱ्यांसाठी तर हे अधिकच खरे, कारण उतरण शेवटी येते आणि तोवर पोटऱ्या थकलेल्या असतात. काठी चढण्यापेक्षा उतरण्यासाठी जास्त उपयोगी, हे डोलीवाल्यांना शरीरशास्त्र न शिकताही ठाऊक असते.

घोट्याच्या पुढे पावलाचा मध्यभाग लागतो. नौकाकृती हाड, घनाकार हाड आणि पाचरीच्या आकाराची तीन हाडे मिळून येथे कमान तयार होते. देवळाच्या जुन्या दगडी कमानीत चुना नसला तरी दगड पडत नाहीत, कारण प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला असतो आणि वरचा भारच त्यांना एकमेकांत घट्ट बसवतो. पावलाची कमान त्याच न्यायाने उभी आहे, परंतु तिला एक अधिक सोय आहे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक बळकट पट्टा ताणलेला असतो, धनुष्याच्या प्रत्यंचेसारखा. चालताना टाच उचलली की अंगठा मागे वाकतो, पट्टा अंगठ्याच्या मुळाभोवती गुंडाळला जातो, आखूड होतो आणि कमान वर उचलून धरतो. सैल पाऊल त्या क्षणी ताठ तरफ बनते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही क्रिया विहिरीच्या रहाटाची उपमा शोभावी अशा रीतीने उलगडून दाखवली. घरी हे सहज पाहता येते. कोणाला सरळ उभे करावे आणि त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलावा, आतल्या बाजूची कमान डोळ्यांदेखत वर येते.

सकाळी अंथरुणावरून उठून पहिली काही पावले टाकताना टाचेत कळ येते, मग थोडे चालल्यावर ती ओसरते, ही तक्रार व्यापारी घरांत फार आढळते. तो दोष बहुधा याच पट्ट्याचा असतो. रात्रभर आखडलेला पट्टा एकदम ताणला जातो. पोटरी आणि तळवा यांना अंथरुणातच हलका ताण देऊन मग उठावे, कडक फरशीवर तासन् तास उभे राहायचे असेल तर पायांखाली जाड रबरी चटई घ्यावी, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांची खूण वेगळी. त्यांच्या बाहेरच्या घोट्यावर घट्टा पडलेला असतो. जुन्या पेढ्यांवरील वडीलधाऱ्यांच्या पायांवर तो हमखास दिसे.

मध्यभागापुढे पाच लांब हाडे आणि त्यापुढे बोटांची चौदा. अंगठ्याला दोन पेरे, इतरांना तीन. या पाच लांब हाडांतील दुसरे हाड पाचरीच्या हाडांमध्ये इतके घट्ट रोवलेले असते की त्याला हलण्यास जागाच नाही. वर्षभर बैठे काम केलेल्या माणसाने एकदम अनेक मैलांची पदयात्रा सुरू केली तर बारीक चीर पडते ती बहुधा याच किंवा त्याच्या शेजारच्या हाडाला. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब संचलन करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली होती. पुढे क्ष-किरणांमुळे त्या सुजेमागे हाडाची चीर असते हे कळले. हाडाला भाराची सवय हळूहळू लागते. संघयात्रेचे नाव नोंदवल्यावर दोन महिने आधीपासून रोज थोडे थोडे अंतर वाढवत चालणे हे म्हणूनच पुण्याच्या तयारीइतके आवश्यक आहे.

आता अनवाणी चालण्याविषयी. साधु-साध्वींचा विहार पादत्राणांविना होतो, हे आपल्या समाजाला नवे नाही. पण त्या पावलांकडे अभ्यासाच्या नजरेने पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. उघड्या पायाने चालणाऱ्यांच्या तळव्याची कातडी जाड होते, मग त्यांची संवेदना बोथट होत असेल, असा तर्क कोणीही करील. केनियातील अनवाणी चालणाऱ्या लोकांची तपासणी करून २०१९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो चुकीचा ठरवला. घट्टे जाड असूनही जमिनीचा स्पर्श आत तेवढाच पोहोचत होता. कर्नाटकातील २३०० मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये राव आणि जोसेफ यांनी मांडले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांचा परिणाम चपलांपेक्षा अधिक दिसला. लहान मुलांचा तळवा चरबीमुळे सपाट दिसतोच, कमान वयाच्या पहिल्या काही वर्षांत आकाराला येते. त्या वयात घरातल्या अंगणात, वाळूत, गवतावर उघड्या पायाने खेळू देण्याची जुनी रीत वाईट नव्हती.

ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून चालावे असे सांगितले आहे. त्याचा हेतू जीवरक्षा. परंतु तसे चालणारे पाऊल सावकाश पडते, जमीन चाचपत पडते, आणि आपल्या २६ हाडांना जुळवून घेण्यास अवसर देते, हा लाभ त्यातून आपोआप होतो.

सव्वीस हाडे काय करतात हे सर्वांत स्पष्टपणे कळले ते ती गमावलेल्या माणसांकडून. पाय कापावा लागलेल्या रुग्णांना पाश्चात्त्य बनावटीचे कृत्रिम पाऊल मिळे. त्यात लाकडाचा कठीण गाभा असे आणि ते बुटात घालण्यासाठीच बनवलेले असे. भारतातील शेतकरी ते घालून उकिडवा बसू शकत नसे, मांडी घालू शकत नसे, चिखलात जाऊ शकत नसे, देवळात ते काढून ठेवता येत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास जे पाऊल घडवले, त्याचा आराखडा खऱ्या पावलावरून घेतलेला होता. टाचेचा आणि चवड्याचा भाग स्पंजी रबराचा, घोट्याचा भाग लाकडी, आणि सर्वांवर टायरसारखे भट्टीत पक्के केलेले रबरी वेष्टन. ते वाकते, आत-बाहेर वळते, पाण्यात भिजते आणि उघडेच चालते. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे पाऊल गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवण्यासाठी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापन केली. बाजारात व्यवहार करणाऱ्यांना मेहता यांचे नाव सेबीचे माजी अध्यक्ष म्हणून आठवेल.

परंतु या पावलातही एक गोष्ट घालता आली नाही, ती म्हणजे संवेदना. आणि आपल्या घराघरांत आज हीच गोष्ट जिवंत पावलांतून निघून जात आहे. बैठा व्यवसाय, गोडधोड, आणि मधुमेह. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की तळव्याच्या नसा मंद होतात. आधी मुंग्या, मग कापसावरून चालल्यासारखे वाटणे, मग काहीच न वाटणे. मे महिन्यातल्या दुपारी मंदिराच्या तापलेल्या फरशीवर सर्वजण पाय उचलत पळतात. एखादे काका संथ चालत जातात आणि लोक त्यांच्या श्रद्धेचे कौतुक करतात. संध्याकाळी त्यांच्या तळव्यावर फोड असतात. ते श्रद्धाळू असतीलच, पण त्यांची नस गेलेली आहे हे घरच्यांनी ओळखले पाहिजे.

याहून फसवा प्रकार हाडांचा. संवेदना गेलेल्या पावलात लहानशी चीर पडली तरी दुखत नाही, माणूस चालत राहतो, मध्यभागाची हाडे ढिली पडतात आणि कमान खचते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये अशा सांध्यांचे वर्णन केले, म्हणून त्याला शार्कोचे पाऊल म्हणतात. मधुमेही माणसाचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेले असेल व फारसे दुखत नसेल, तर मुरगळले असेल म्हणून लेप लावून चालत राहू नये. त्याच दिवशी भार टाकणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वेळीच प्लास्टर घातले तर कमान वाचते.

रोजची काळजी साधी आहे. रात्री प्रतिक्रमण आटोपल्यावर दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. पाण्याची ऊब हाताच्या कोपराने तपासावी, पायाने नव्हे. वर्षातून एकदा डॉक्टरांकडे नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासून घ्यावी. या तपासणीला काही मिनिटेच लागतात. देवळात जाणे सकाळी लवकर ठेवावे, आणि जेथे चालत असेल तेथे स्वच्छ सुती मोजे घालावेत. चपलेसाठी चामड्याची गरज नाही. बधिर पायांसाठी भारतात फार वर्षांपासून एमसीआर नावाच्या स्पंजी रबराच्या चपला बनतात, जयपूर पावलाची टाच ज्या जातीच्या रबराची तशाच. पट्टे रेक्झिनचे सांगून करवून घेता येतात. मात्र अंगठ्यात अडकणारी चप्पल अशा पायाला देऊ नये. ती निसटली तरी त्याला कळत नाही. मागच्या बाजूस पट्टा असलेलीच घ्यावी.