खडीखाणीतले स्फटिक आणि चिठ्ठीचे मोल

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली परिसरातील खाणी बांधकामाच्या खडीसाठी खोदल्या गेल्या. जगभरच्या खनिज-संग्राहकांना मात्र हे गाव एका गर्द निळ्या खनिजामुळे ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या घटकांची आद्याक्षरे जोडून त्याला कॅव्हॅन्साइट हे नाव मिळाले. १९७३ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वाघोलीत आढळले आणि तेव्हापासून या खनिजाचे सर्वोत्तम नमुने म्हणजे वाघोलीचे, असे समीकरणच झाले. पांढऱ्याशुभ्र स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे निळे गोलाकार पुंजके अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

काळ्या पाषाणाच्या पोटात

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि बेसाल्ट खडकात पोकळ्या निर्माण झाल्या. पुढे या पोकळ्यांतून कोमट-उष्ण पाणी झिरपत राहिले. खडकातून विरघळलेली सिलिका, कॅल्शियम, सोडियम ही द्रव्ये या पाण्याने पोकळ्यांच्या भिंतींवर साचवली आणि त्यांतून स्फटिक वाढले.

या स्फटिकांत झिओलाइट गटातील खनिजे प्रमुख आहेत. तापवले असता त्यांतील पाणी बाहेर पडून ती उकळल्यासारखी फसफसतात, म्हणून स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव योजले. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट ही त्यांतली परिचित नावे. पुण्याच्या पाषाण परिसरातील हिरवा अॅपोफिलाइट किंवा कापसाच्या बोंडासारखा दिसणारा ओकेनाइट ही खनिजे झिओलाइट गटात मोडत नाहीत. पण ती त्याच पोकळ्यांत सोबतीने आढळतात. जळगाव, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील खाणीही अशा नमुन्यांसाठी प्रसिद्ध आहेत. सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयात हे वैभव एकत्र पाहता येते.

गोव्यात काय?

गोव्यातील चिरेखाणींत असे स्फटिक का मिळत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. जांभा हा मूळ खडक झिजून, त्यातील सिलिका वाहून गेल्यावर उरलेला लोह व अॅल्युमिनियमयुक्त अवशेष आहे. या झिजेत नाजूक स्फटिक टिकत नाहीत. दख्खनचा बेसाल्ट गोव्याला केवळ ईशान्य सीमेवर, सत्तरीच्या घाटमाथ्याकडे स्पर्श करतो.

शेजारच्या सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी. कुडाळ तालुक्यातील कडावल परिसरात पूर्वी अभ्रकाच्या खाणी होत्या. अभ्रकाचे मोठे पत्रे पेग्मटाइट खडकात मिळतात. शिलारस थिजताना अखेरीस उरलेल्या पाणीदार अंशापासून हा खडक बनतो, त्यामुळे त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार व अभ्रकाचे स्फटिक हातभर आकाराचेही होऊ शकतात.

ठिकाण हरवले की ज्ञान हरवते

स्फटिक उजेडात आणते ती खाण आणि त्यांचा चुरा करते तीही खाणच. सुरुंग उडाल्यावर उघडी पडलेली पोकळी त्याच दिवशी क्रशरमध्ये जाऊ शकते. भोर घाटात रेल्वेसाठी एकोणिसाव्या शतकात खोदकाम झाले, तेव्हा उत्तम झिओलाइट मिळाले. ते कातळ पुन्हा उघडणे नाही. मुंबईतील मालाड-कांदिवली भागातील जुन्या खाणी शहराच्या वाढीबरोबर मिटत गेल्या. तेथील खडकाविषयी आज जे हाताळून अभ्यासता येते, त्यातले बरेचसे संग्रहातल्या नमुन्यांतच उरले आहे.

म्हणूनच नमुन्यासोबतची चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची. खाणीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि नमुना खाणीच्या कोणत्या थरातून वा उंचीवरून आला, एवढे तरी तीवर असावे. जळगावचा आणि नाशिकचा स्टिल्बाइट दिसायला इतका सारखा असू शकतो, की चिठ्ठी हरवल्यावर जाणकारालाही ठिकाण खात्रीने सांगता येत नाही. बाजारात हात बदलताना सर्वांत आधी गहाळ होते ती हीच माहिती. मग उरतो तो शोभेचा दगड. नमुन्यावर छोटा क्रमांक रंगवून तोच वहीत नोंदवणे, हा साधा उपाय आहे.

काढताना, जपताना

चालू किंवा बंद, कोणत्याही खाणीत जाण्यापूर्वी धारकाची परवानगी घ्यावी. सुटलेल्या कड्याखाली उभे राहू नये. शिरस्त्राण व डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. स्फटिकावर घाव न घालता भोवतीचा खडक छिन्नीने सोडवावा. बहुतेक नमुन्यांना साधे पाणी व मऊ ब्रश पुरतो. ओकेनाइटचे तंतू मात्र बोट लागताच चपटे होतात, त्यांना पाणीही लावू नये. आम्लाने कॅल्साइट निघते, परंतु झिओलाइटचीही हानी होते.

जंगलातला दगड कोणाचाच नाही, हा समज चुकीचा आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार वनातील खडक आणि खनिजेही वनउपजात मोडतात. सत्तरीतील घाटमाथ्याचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात येतो, हे गोमंतकीय हौशी संग्राहकांनी ध्यानी ठेवावे. तेथे पाहावे, छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी. खडक तेथेच राहू द्यावा.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२२ साली विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. मात्र खडी काढताना एखाद्या दुपारी उघडलेली पोकळी अशा तरतुदींची वाट पाहत थांबत नाही. ती ओळखणारा खाणकामगार, अडवून न धरणारा खाणमालक आणि नीट नोंद करणारा संग्राहक एकत्र आले, तरच तिच्यातले काही पुढच्या पिढीच्या हाती लागेल.